घरदुरुस्तीचे गावोगावचे गणित

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याने दुरुस्तीचा उल्लेख केला नाही. नवे घर बांधणाऱ्यापुढे निदान मोकळी जमीन असते. जुने घर नीट करू पाहणाऱ्याला भिंतीच्या पोटात काय दडले आहे हेही ठाऊक नसते. त्यात आप्तेष्टांचे सल्ले येतात. पुण्याचे मेहुणे एक दर सांगतात, मुंबईचे काका त्याहून मोठा सांगतात, आणि रत्नागिरीची आत्या म्हणते, ‘एवढ्यात आमचे सगळे घर उभे राहिले असते!’ तिघेही खरे बोलत असतात, आणि तरीही तिघांपैकी एकाचाही आकडा बडोद्याच्या गृहस्थाच्या उपयोगी पडत नाही. असे का व्हावे, याचा थोडा विचार करण्यासारखा आहे.

बडोदे शहराच्या पश्चिम भागात, विश्वामित्रीच्या पलीकडे, अकोटा ही वस्ती आहे. प्राचीन काळी हे अंकोट्टक नावाचे नगर होते, इ. स. 812 च्या राष्ट्रकूट ताम्रपटात ज्या वडपद्रक गावाचा, म्हणजे आजच्या बडोद्याचा, उल्लेख येतो, ते त्या काळी या अंकोट्टकाच्या शेजारचे एक खेडे होते. 1951 मध्ये येथे सापडलेल्या जैन धातुमूर्तींनी हे नाव विद्वानांच्या जगात पोचविले. आज येथे बंगले आहेत, गृहनिर्माण सोसायट्या आहेत, आणि दांडिया बाजाराकडे जाणारा पूल आहे. गायकवाडी अमलात वाढलेल्या या शहरातील मराठी कुटुंबांचे आप्त पुण्यामुंबईपासून कोकण-नागपुरापर्यंत विखुरलेले असतात. म्हणूनच गावोगावच्या दरांची तुलना येथे जितकी सहज होते, तितकीच ती फसवीही ठरते.

पहिले कारण अंतराचे. बांधकामाच्या व्यवहारात वाहतुकीच्या या अंतराला ‘लीड’ म्हणतात. वाळू नदीच्या पात्रात स्वस्त असते. ती महाग होते रस्त्यावर. समजा, नदीकाठी वाळूच्या एका गाडीला एक रुपया पडला आणि दर दहा मैलांना चार आणे भाडे वाढत गेले, तर चाळीस मैलांवरच्या गृहस्थाला तीच वाळू दुपटीने पडेल. वाळूत फरक काहीच नाही, फरक केवळ चाकांचा. बडोद्याला ओरसंग आणि मही या नद्यांची वाळू जवळची. फरशीच्या बाबतीतही हे शहर भाग्यवान आहे, कारण देशातील सिरॅमिक लाद्यांचे सर्वांत मोठे केंद्र मोरबी हे गुजरातेतच आहे. कोटा फरशी व मकराण्याचा संगमरवर राजस्थानातून येतात, तेही फार दूर नव्हे. मात्र ज्याला कोकणातील आपल्या मूळ घरासारखी जांभ्या चिऱ्याची भिंत अकोट्यात हवी असेल, त्याने खिशाला हात लावण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

हेच गणित उलट बाजूने दक्षिण कोकणात दिसते. तेथे चिरा खाणीतून निघतो आणि घराशी येतो. भाजलेली वीट मात्र लांबून आणावी लागते. देशावर काळा दगड पायाखालीच आहे, परंतु तो घडविणारे हात विरळ झाले आहेत, त्यामुळे दगड स्वस्त आणि घडाई महाग असा प्रकार आहे. राजेरजवाड्यांना अंतराची पर्वा नव्हती. 1890 मध्ये पुरा झालेल्या लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी आग्र्याकडचा लाल दगड आणि पुण्याकडचा काळा दगड आणला गेला. निवृत्तिवेतनावर घर राखणाऱ्याला तो मार्ग मोकळा नाही.

दुसरे कारण माणसांचे. दुरुस्तीच्या कामात मजुरीचा वाटा नव्या बांधकामापेक्षा मोठा असतो. कारण आधी तोडायचे, मग राडारोडा वाहून न्यायचा, आणि मग जुन्याशी नवे जुळवून घ्यायचे. किमान वेतनाचे दर प्रत्येक राज्य आपापले ठरविते, आणि प्रत्यक्ष बाजारभाव त्याहूनही निराळा चालतो. बडोद्याच्या कामावर येणारे पुष्कळ मजूर दाहोद, पंचमहाल आणि छोटा उदेपूर या आदिवासी भागांतून येतात. होळी हा त्यांचा मोठा सण. त्या दिवसांत ते आपल्या गावी परततात आणि शहरातील कामे थांबतात. कोकणात गणपतीपूर्वी घराला रंग लागलाच पाहिजे, तर गुजरातेत दिवाळीपूर्वी. या मुदती जवळ आल्या की रंगारी आणि गवंडी, ज्याला बडोद्याच्या मराठी घरांतही कडिया म्हणतात, दोघेही दुर्मिळ होतात आणि दर चढतात. काम तेच, माणूस तोच; केवळ पंचांगाचे पान बदलल्याने खर्च बदलतो.

मुंबईची गोष्ट आणखी निराळी. तेथे सामान गाडीतून उतरले म्हणजे घरात आले असे होत नाही. ते जिन्याने वा लिफ्टने वर चढवावे लागते, सोसायटीने ठरविलेल्या वेळेतच ठोकठोक करावी लागते, आणि तोडलेल्या भिंतीचा ढिगारा टाकावयास जागा नसल्याने तोही दाम मोजून हलवावा लागतो. अकोट्यातील बंगल्याच्या अंगणात वाळूचा ढीग महिनाभर पडून राहू शकतो. या मोकळ्या अंगणाची किंमत कोणत्याही अंदाजपत्रकात लिहिलेली नसते, पण ती असते.

तिसरे कारण भूमीचे आणि पाण्याचे, आणि ते सर्वांत महत्त्वाचे आहे. रत्नागिरीस वर्षाकाठी 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणून तेथे घरमालकाचा पैसा प्रथम छपराकडे जातो. विदर्भ-मराठवाड्यातील काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतींना तडे पाडते. तेथे पैसा पायाकडे गेला पाहिजे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात जाड दगडी भिंती आणि मातीची जड धाबी कोसळून हजारो माणसे दगावली. त्या भागात भिंतींना बांधून ठेवणारा पट्टा हाच दुरुस्तीचा पहिला खर्च होय. बडोद्याचा पाऊस कोकणाच्या तिसऱ्या हिश्श्याहून फारसा अधिक नाही. परंतु येथील प्रश्न आकाशातून पडणाऱ्या पाण्याचा नसून नदीतून चढणाऱ्या पाण्याचा आहे. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीची पातळी 25 फुटांची धोक्याची खूण ओलांडून 35 फुटांच्याही वर गेली आणि अकोट्यासह शहराचे अनेक भाग जलमय झाले.

पूर ओसरल्यावर घराघरांत जो प्रश्न उभा राहतो, त्यातच या विषयाचे मर्म आहे. हाताशी रक्कम ठराविक असते. ती नव्या कपाटांवर आणि चकचकीत फरशीवर खर्चावी, की विजेची बटणे वर उचलण्यावर, सांडपाण्याचा मार्ग सुधारण्यावर आणि तळमजल्याच्या भिंती वाळू देण्यावर? भिंत वरून कोरडी दिसली तरी आतून ओली असते. तिच्यावर घाईने गिलावा आणि रंग चढविला की काही महिन्यांतच लोणा फुटतो आणि तोच खर्च दुसऱ्यांदा करावा लागतो. लाकडी भुशाच्या दाबीव फळ्या पाण्याने फुगून निकामी होतात. दगडी ओटा धुतला की पूर्ववत होतो. पुण्याच्या टेकडीवरील सदनिकेत जी काटकसर ठरते, ती अकोट्यात उधळपट्टी ठरू शकते. स्वस्त कोणते आणि महाग कोणते, हे दुकानदार ठरवीत नाही. ते नदी ठरविते.

चौथे कारण सरकारी. सिमेंटवरील वस्तू व सेवा कर दीर्घकाळ 28 टक्के होता. 22 सप्टेंबर 2025 पासून तो 18 टक्के झाला. हा कर देशभर सारखा असल्याने त्याने गावागावांतील अंतर मिटत नाही. वाळूचे उत्खनन, त्यावरील स्वामित्वधन आणि बांधकामाची परवानगी यांचे नियम मात्र राज्यागणिक बदलतात. खुद्द सरकारही सर्वत्र एकच दर मानीत नाही. राज्यांचे बांधकाम विभाग आपापल्या दरसूची काढतात. केंद्रीय बांधकाम विभागाच्या पद्धतीत दिल्लीचा दर 100 धरून इतर ठिकाणांचे निर्देशांक काढले जातात. जेथे सरकारी अभियंता दुसऱ्या गावचा दर जसाच्या तसा उचलीत नाही, तेथे सामान्य गृहस्थाने तो का उचलावा?

तुलना करताना मापांकडेही लक्ष हवे. महाराष्ट्रात वाळू ब्रासने मोजतात, आणि एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. गुजरातेत ती पुष्कळदा टनाने विकली जाते. ओली वाळू वजनाला जड भरते. एका ठिकाणी रंगाचा दर सामानासकट सांगितलेला असतो, दुसरीकडे केवळ मजुरीचा. मापे सारखी केल्याखेरीज दोन आकड्यांची तुलना करणे म्हणजे शेर आणि गज एकाच तागडीत घालणे होय.

या साऱ्यात जुन्या वाड्यांची दैना सर्वांत मोठी. रावपुऱ्यातील तांबेकर वाडा आपल्या भित्तिचित्रांमुळे संरक्षित स्मारक झाला. इतर वाड्यांना तो आधार नाही. त्यांच्या चुन्याच्या भिंतींना चुनाच मानवतो, आणि चुन्याची घाणी चालविणारा व सागाच्या तुळईला सांधा देणारा कारागीर आता शोधून आणावा लागतो. त्याची मजुरी अधिक म्हणून सिमेंट थापले जाते, भिंतीतील ओल आतच कोंडते, आणि दहा वर्षांनी ‘वाडा धोकादायक’ असा शेरा येतो. तेथे आजचा स्वस्त दर उद्याच्या पाडकामाचा पहिला हप्ता असतो.

तेव्हा अंदाजपत्रक हाती आले की खालची एकूण रक्कम पाहण्यापूर्वी सामान, वाहतूक, मजुरी, तोडफोड आणि कर हे पाच रकाने वेगळे मागावेत. त्याच आळीत नुकत्याच झालेल्या दोन कामांशी ते ताडून पाहावेत. अनपेक्षित गोष्टींसाठी काही रक्कम राखून ठेवावी, कारण जुनी भिंत फोडल्यावाचून बोलत नाही. आणि सर्वांत आधी, आपल्या गावचे ऊन, माती आणि पाणी घराच्या कोणत्या अंगावर घाव घालतात, ते पाहावे. आप्तांचा सल्ला प्रेमाने ऐकावा. हिशेब मात्र आपल्याच अंगणात उभे राहून करावा.