कॅमेऱ्याचा नंबर म्हणजे कॅमेऱ्याचं नाव नव्हे

आजचा विषय वरवर कोरडा वाटेल. लिनक्सवर दोन वेबकॅम लावले तर कुठला कोणता, हे मशीनला कसं कळतं? पण या प्रश्नापायी माझी आजी अडीच तास न्हाणीत पडून राहिली होती. म्हणून नीट सांगतो.

आजी साताऱ्याजवळ गावी एकटी राहते. मी पुण्यात, आई-बाबाही इथेच. मागच्या वर्षी मी घरातला जुना डेस्कटॉप गावी नेला, त्यावर लिनक्स टाकलं आणि दोन स्वस्तातले, अगदी सारखे वेबकॅम लावले. एक ओसरीवर, दुसरा स्वयंपाकघरात ओट्यासमोर. आजी पहाटे उठते आणि सहाच्या आत चहा ठेवते. म्हणून मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली: सहा ते सात या वेळात ओट्यापाशी हालचाल दिसली नाही, तर मला आणि बाबांना मेसेज. ओट्याचा कॅमेरा होता डेव्ह स्लॅश व्हिडिओ झिरो, ओसरीचा व्हिडिओ टू. स्क्रिप्टमध्ये मी सरळ 'व्हिडिओ झिरो' लिहून मोकळा झालो. चार महिने सगळं छान.

मग एका रात्री पाऊस झाला, लाइट गेली, पहाटे आली. डेस्कटॉप आपोआप सुरू झाला. सहाच्या सुमाराला आजी न्हाणीत घसरली. फोन आत खोलीत. आम्हाला मेसेज आलाच नाही. साडेआठला शेजारच्या काकू दूध घेऊन आल्या, तेव्हा त्यांना आजीची हाक ऐकू आली. मनगट मोडलं होतं, बाकी निभावलं.

मी लॉग बघितला. स्क्रिप्ट व्यवस्थित चालू होती, हालचालही नोंदवली होती. सेव्ह झालेला फोटो उघडला, तर त्यात ओसरीवर कोंबड्या फिरत होत्या! रीस्टार्टनंतर व्हिडिओ झिरो म्हणजे ओसरी झाली होती.

असं का होतं? दवाखान्यातलं टोकन आठवा. जो आधी येईल त्याला एक नंबर. आज एक नंबर तुमचा, उद्या दुसऱ्या कुणाचा. कर्नलही तसंच करतं: जो कॅमेरा आधी सापडला त्याला झिरो. सुरू होताना यूएसबीवरची उपकरणं कुठल्या क्रमाने सापडतील, याची खात्री नाही. आणि दोनच कॅमेरे असताना झिरोनंतर एकदम टू का? कारण २०१८ सालच्या ४.१६ कर्नलपासून अशा बहुतेक वेबकॅमला दोन नोड मिळतात, एक चित्रासाठी आणि एक मेटाडेटासाठी.

म्हणजे चूक कर्नलची नाही. टोकन नंबरला मीच आजीचं नाव समजून बसलो.

यावरचा उपाय लिनक्समध्ये आधीपासून आहे. त्याचं नाव यूडेव्ह. २००३ मध्ये आलं, २०१२ पासून सिस्टिमडीचा भाग आहे. डेव्ह फोल्डरमध्ये व्हीफोरएल नावाचं फोल्डर बघा. आत दोन फोल्डर दिसतील. बाय-आयडी म्हणजे आधार कार्ड: कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर. बाय-पाथ म्हणजे घरचा पत्ता: कॅमेरा कुठल्या यूएसबी पोर्टला लावलाय ते. सिरियल वेगळे असतील तर बाय-आयडी उत्तम. पण माझ्या दोन्ही कॅमेऱ्यांचा सिरियल एकच निघाला! जुळ्यांना एकच आधार कार्ड. मग पत्ताच वापरावा लागला.

मला वाचता येईल असं नाव हवं होतं, म्हणून स्वतःचा नियम लिहिला. इटीसी, यूडेव्ह, रूल्स डॉट डी या फोल्डरमध्ये एक फाइल, शेवटी डॉट रूल्स हवंच. एका ओळीत चार गोष्टी: सबसिस्टिम व्हिडिओफोरलिनक्स असेल, पोर्टचा पत्ता अमुक असेल, इंडेक्स शून्य असेल, तर सिमलिंक बनव, नाव 'कॅम-ओटा'. इंडेक्स शून्य यासाठी, की मेटाडेटाचा नोड नको. अटींना दोन बरोबरची चिन्हं, सिमलिंकला अधिक-बरोबर. इथे सगळेच चुकतात, मीही चुकलो. पोर्टचा पत्ता यूडेव्हएडीएम इन्फो ही कमांड दाखवते. मग यूडेव्हएडीएम कंट्रोल रिलोड, नंतर ट्रिगर. मूळ नाव बदलायच्या फंदात पडू नका. व्हिडिओ झिरो तसाच राहू द्या, आपण फक्त त्याच्याकडे बोट दाखवणारी लिंक करतोय.

एक धोका उरतोच. साफसफाई करताना कुणी दोन्ही वायरी अदलाबदल करून लावल्या, तर पुन्हा तोच घोळ. म्हणून पोर्टवर पांढरी पट्टी चिकटवून मार्करने लिहिलं: 'ओटा', 'ओसरी'. आणि स्क्रिप्ट आता रोज सकाळी ओट्याचा एक फोटो पाठवते. लिंक सापडली नाही तर गप्प बसत नाही, लगेच मेसेज करते. आपली खरी फसगत झाली होती ती 'सगळं ठीक' वाटण्यामुळे.

आजीला हे सगळं समजावलं. ती म्हणाली, "अरे, मग आधीच नाव लिहायचं होतंस की! डब्यांवर नाही का लिहीत आपण, मीठ कुठलं नि साखर कुठली?"

एवढंच सांगायचं होतं. तुमच्या स्क्रिप्टमध्ये कुठे व्हिडिओ झिरो लिहिलंय का, आज रात्री बघा. भेटू पुढच्या भागात.