पदाच्या माथ्यावरची ओळ

(गौलीगुडा, हैदराबाद येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

गाजलेल्या गाण्याची चाल मुळात दुसऱ्याच, फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या गाण्याची आहे, हा आरोप आज न्यायालयापर्यंत जातो आणि त्याची बातमी होते. परंतु ज्या काळात मराठी संगीत नाटक घडत होते, त्या काळात चाल दुसरीकडून घेणे ही लपवण्याची बाब नव्हती, तर छापून सांगण्याची होती. चाल म्हणजे शब्दांना मिळालेला स्वरांचा आणि लयीचा ठरावीक आकार. राग ही सर्वांना खुली असलेली चौकट असते आणि एकाच रागात असंख्य चाली संभवतात. म्हणून दोन गाण्यांचा राग एक असणे हा नकलेचा पुरावा नव्हे, मात्र चाल एक असणे हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. जुन्या नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या माथ्यावर राग आणि ताल यांच्यासोबत बहुधा ‘चाल’ हा शब्द आणि त्यापुढे मूळ गाण्याचे पहिले शब्द दिलेले असत. ती ओळ गायक नटाला चाल आठवून देण्यासाठी होती हे खरे, पण त्याच ओळीने ऋणाची नोंदही होत असे, आणि तिचे हे दुसरे काम पहिल्यापेक्षा मोलाचे ठरले आहे.

अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० मध्ये पुण्यात रंगभूमीवर आले आणि १८८२ मध्ये ‘सौभद्र’ आले, तेव्हा त्यांनी साकी, दिंडी, ओवी, लावणी, कीर्तनातील पदे आणि कानडी मुलखातील गाणी यांचे स्वर मोकळ्या मनाने वापरले. पुढे १९११ च्या ‘मानापमान’साठी गोविंदराव टेंबे यांनी उत्तरेकडील ठुमरी, गझल, कजरी यांच्या वळणाच्या चाली आणल्या, आणि १९१६ च्या ‘स्वयंवर’साठी भास्करबुवा बखले यांनी बंदिशींच्या, म्हणजे खयाल गायकीत गुरूकडून शिष्याकडे आलेल्या बांधीव रचनांच्या, आधारे पदे बांधली. ज्यांना हे ‘उसने संगीत’ वाटते, त्यांनी या पदांना गायकांनी दिलेला विस्तार आणि मराठी शब्दांच्या ओझ्याखाली चालीने बदललेले रूप लक्षात घेतले पाहिजे. बालगंधर्वांच्या गळ्यातून आलेले पद मूळ बंदिशीची नक्कल उरत नाही. तरीही त्या नव्या रूपाचा पाया कोणी घातला, हे त्या माथ्यावरच्या ओळीमुळेच कळते. प्रस्तुत विवेचनाचे म्हणणे एवढेच आहे की दोष चाल घेण्यात नाही, ती ओळ पुसण्यात आहे.

ही ओळ सर्वांना सारखीच मिळाली असेही नाही. १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’च्या पदांसाठी पुण्याच्या सुंदराबाई जाधव यांनी चाली दिल्या. लावणी, गझल आणि ठुमरी या तिन्हींत मुरलेल्या या गायिकेचे ऋण अभ्यासक मानतात, पण नाटकाचे नाव निघाले की लेखक गडकरी आणि नट बालगंधर्व आठवतात, सुंदराबाई मागाहून. ज्या स्त्रिया मैफलीत आणि कोठ्यावर गात, त्यांच्याकडून आलेल्या चाली सभ्य रंगभूमीने आनंदाने घेतल्या, परंतु देणारीला घरात बसवून घेण्याची तयारी समाजात नव्हती. अल्पज्ञात असणे हा अनेकदा त्या संगीताचा गुण नसतो, तो त्याच्यावर लादलेला असतो.

गोव्याचे उदाहरण या दृष्टीने अधिक गुंतागुंतीचे आहे. १९७३ च्या ‘बॉबी’ या हिंदी चित्रपटातील ‘ना माँगूँ सोना चाँदी’ हे गाणे देशभर गाजले. संगीतकार म्हणून नाव लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीचे, ज्यांतील लक्ष्मीकांत हे कुडाळकर होते आणि प्यारेलाल यांनी व्हायोलिनचे धडे अँथनी गोन्साल्विस या गोमंतकीय वादकाकडून घेतले होते. त्या गाण्याचा उगम ‘हांव सायबा पोलतडी वेतां’ या कोंकणी देखणीत आहे. देखणी हा गोव्यातील ख्रिस्ती समाजाचा नृत्यगीतप्रकार असून त्यात हिंदू कलावंतिणीचे रूप घेऊन गायिले व नाचले जाते. प्रस्तुत देखणीत नदीपलीकडे लग्नाला निघालेली नर्तकी नावाड्याला आपले दागिने देऊ करते आणि तो ते नाकारतो. ही देखणी कार्लुस युजेनियु फेरेरा (१८६०–१९३२) यांच्या नावे ओळखली जाते आणि तिचे स्वरलेखन १९२६ मध्ये गोव्यात छापलेही गेले. म्हणजे चित्रपटाच्या जवळजवळ पन्नास वर्षे आधीची लेखी साक्ष उपलब्ध आहे, जी बहुतेक लोकगीतांच्या नशिबी नसते. ‘बॉबी’च्या गाण्यात कोंकणी शब्दही राहिले आहेत, त्यामुळे लपवाछपवीचा आरोप करणे अन्यायाचे होईल; पण गोव्याबाहेरच्या श्रोत्याला ते शब्द केवळ गोव्याचा रंग वाटले, पत्ता नव्हे. शिवाय ही देखणी स्वतः ज्या कलावंतिणींच्या नाचगाण्याचे रूप घेते, त्यांची नावे तिनेही नोंदवलेली नाहीत, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

कायद्याने या बाबतीत उशिरा लक्ष घातले. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात ‘संगीतकृती’ची मूळ व्याख्या अशी होती की चाल छापलेली, लिहिलेली किंवा चिन्हांकित स्वरूपात असली तरच ती संरक्षणास पात्र ठरे. ज्या देशात संगीत मुखोद्गत चालते, तेथे या व्याख्येने बहुसंख्य निर्मात्यांना दाराबाहेर ठेवले. १९९४ च्या दुरुस्तीने लेखनाची ही अट काढली. पुढे २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात संगीतकार राम संपत यांनी ‘क्रेझी ४’ या चित्रपटाच्या गाण्यांविरुद्ध दावा लावला, की सोनी एरिक्सनच्या जाहिरातीसाठी त्यांनी रचलेली धून त्यात वापरली आहे. न्यायमूर्ती डी. जी. कर्णिक यांनी दोन्ही रचना ऐकून प्रथमदर्शनी दाव्यात तथ्य मानले. किती सेकंद घेतले हे मोजून भागत नाही, जे घेतले ते मूळ रचनेचा प्राण आहे काय आणि सामान्य श्रोत्याला दोन्ही ऐकून काय वाटते, हे त्या निर्णयाचे सूत्र होते. अखेर दोन कोटी रुपयांवर तडजोड झाल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले. जाहिरातीच्या धुनेचा कर्ता समोर हजर होता, म्हणून हे जमले.

परंपरेचे संगीत आले की हेच सूत्र अडखळते. २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात ‘पोन्नियिन सेल्वन २’ या तमिळ चित्रपटातील ‘वीरा राजा वीरा’ या ए. आर. रहमान यांच्या गाण्याविरुद्ध ध्रुपद गायक वसिफुद्दीन डागर यांनी दावा केला, की ते त्यांचे वडील व काका यांच्या, म्हणजे धाकट्या डागर बंधूंच्या, ‘शिव स्तुति’ या अडाणा रागातील ध्रुपद रचनेवरून घेतले आहे. एकल न्यायाधीशांनी एप्रिल २०२५ मध्ये श्रेय देण्याचा आणि दोन कोटी रुपये भरण्याचा अंतरिम आदेश दिला. सप्टेंबरमध्ये खंडपीठाने तो रद्द केला, कारण एखादी रचना एखाद्याने गायिली वा ध्वनिमुद्रित केली, एवढ्यावरून ती त्यानेच रचली हे सिद्ध होत नाही. कायद्याच्या दृष्टीने हा मुद्दा रास्त असला, तरी घराण्याच्या शिकवणीत रचनाकार आणि वाहक यांच्यातील रेषा पुसट असते, आणि त्याचा फटका वाहकाला बसतो.

हाच पेच तेलंगणातही उमटला आहे. २०२१ साली ‘लव्ह स्टोरी’ या तेलुगू चित्रपटातील ‘सारंग दरिया’ हे गाणे अफाट गाजले. सुद्दाला अशोक तेजा यांनी ते एका लोकगीताच्या ध्रुवपदावर लिहिले होते आणि मंगली यांनी गायिले होते. ते लोकगीत आधी दूरचित्रवाणीवर सादर करणाऱ्या गायिकेने श्रेयाचा प्रश्न जाहीरपणे विचारला. गीत कोणाच्याच मालकीचे नव्हते, तरीही ते गोळा करून लोकांपुढे आणण्याचे श्रम एका व्यक्तीचे होते. आणि प्रताधिकार कायद्याला मालकी कळते, अशी संकलनाची मेहनत सहसा कळत नाही.

दक्षिणेकडे गेलेल्या मराठी कीर्तनाचा अनुभव येथे उपयोगी पडतो. तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात मराठी कीर्तनकारांनी साकी, दिंडी, ओवी, अभंग हे प्रकार रुजवले आणि तेथून ते दक्षिणेच्या हरिकथेत गेले. भाषा बदलली, राग कर्नाटक पद्धतीचे झाले, गाणारे मराठी राहिले नाहीत, पण साकीला साकी आणि दिंडीला दिंडीच म्हटले गेले. कोणत्याही न्यायालयाने तसा आदेश दिला नव्हता. नाटकाच्या पुस्तकातील ‘चाल’ या ओळीला तरी कायद्याचा धाक कोठे होता? आज ध्वनिमुद्रणाच्या प्रत्येक नोंदीत गीतकार, संगीतकार, संयोजक, ध्वनिमुद्रक, निर्मिती संस्था अशा सर्वांना जागा असते, पण मूळ चाल कोठली, कोणाकडून ऐकली, कोणत्या गावच्या कोणत्या बाईने ती प्रथम गाऊन दाखवली, यांसाठी बहुधा रकानाच नसतो. तो रकाना भरण्यासाठी संगीतकाराने केवळ आपल्या आठवणीशी प्रामाणिक राहावे लागते, आणि किर्लोस्करांपासूनच्या नाटकमंडळींनी तेवढे केले होते.