एक चूल, तीन पातेली

मी गझल लिहितो आणि गझल लिहिणाऱ्याची मद्यापासून सुटका नसते. साकी, मैखाना, पैमाना हे शब्द मी तीस वर्षं वापरतो आहे, त्यांवर दादही घेतो आहे. प्रत्यक्षात त्या वस्तूच्या एका थेंबालाही मी कधी शिवलेलो नाही. अशा माणसानं गेल्या मे महिन्यात दोन मित्रांबरोबर नाशिकला जाऊन वायनरी पाहिली आणि रात्री तंबू ठोकून स्वयंपाक केला. आकाशवाणीवरून मद्याची जाहिरात करायला मी बसलेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. मला बोलायचं आहे ते त्या स्वयंपाकाविषयी.

आम्ही तिघं कॉलेजातले मित्र. एक बँकेत होता, आता निवृत्त झाला. दुसरे शाळेत विज्ञान शिकवतात, त्यांना आम्ही तेव्हापासूनच मास्तर म्हणतो. मास्तर माळकरी, गळ्यात तुळशीची माळ, मांस-मद्य वर्ज्य. बँकवाल्याला सगळं चालतं, पण मापात. मी मटण खातो, पण हलाल असलं तरच, मद्य नाही. 1989 साली बी. ए. झाल्यावर आम्ही भंडारदऱ्याला गेलो होतो. दिवस मजेत गेला. रात्री जेवायची वेळ झाली आणि तिघं तीन दिशांना गेलो. एक परमिट रूममध्ये, मी कोपऱ्यावरच्या खानावळीत, आणि मास्तरांनी खोलीवर बसून केळी आणि बिस्किटं खाल्ली. भांडण असं काही झालं नाही. पण परतीच्या एस. टी.त कुणी कुणाशी धड बोललं नाही. त्यानंतर आम्ही भेटत राहिलो ते लग्नकार्यात आणि मयतीला. सहलीचं नाव कुणी काढलं नाही.

यंदा बँकवाल्याचा फोन आला, ‘‘शायर, तंबू घेतलाय. मास्तरांनाही विचारलंय. नाशिकला जाऊ.’’ मी हो म्हटलं आणि लगेच काळजीत पडलो. खाण्याच्या याद्या करायला बसलो. माझी एक, मास्तरांची एक, त्याची एक. सौ.नं त्या तिन्ही याद्या वाचल्या आणि म्हणाली, ‘‘आधी तिघांनी मिळून काय खायचं ते ठरवा. एकेकाचं मग बघा.’’ त्या सहलीतलं सगळं शहाणपण या दोन वाक्यांत होतं.

मग ठरलं असं. तिघांचं जेवण म्हणजे वांग्याचं भरीत, पिठलं, भात, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. एकादशी सोडून मास्तरांना कांदा-लसूण चालतो. हे सगळं आधी शिजवायचं, स्वतंत्र पातेल्यात, स्वतंत्र पळीनं. माझा आणि बँकवाल्याचा खिमा सगळ्यात शेवटी, वेगळ्या पातेल्यात, फक्त गरम करायचा.

बाहेर नीट स्वयंपाक करायचा तर निम्मं काम घरीच उरकावं लागतं, हे मला तेव्हा कळलं. सौ.नं दशम्या दुधात पीठ भिजवून केल्या, त्या दोन दिवस मऊ राहतात. मुगाची डाळ, तांदूळ, हळद, जिरं, मीठ एका पिशवीत कालवून सकाळच्या खिचडीची सोय केली. बेसन आधीच भाजून घेतलं, म्हणजे पिठल्याला उग्र वास राहत नाही आणि वेळही वाचतो. खिमा पाणी पूर्ण आटवून कोरडा शिजवला, रात्रभर फ्रीजरमध्ये गोठवला आणि बर्फाच्या डब्यात ठेवला. मे महिन्यात पारा चाळिशीच्या आसपास असतो. अशा उन्हात मांस पहिल्या रात्रीच संपवायचं, सकाळसाठी ठेवायचं नाही, हा नियम. आणि एका बरणीत सिरक्यात घातलेला कांदा. आमच्याकडे सिरक्याला मोठा मान आहे, पैगंबरसाहेबांना तो तोंडी लावायला आवडे असं परंपरा सांगते.

पुण्याहून निघालो. गाडी मीच चालवणार हे आपोआप ठरलं होतं. नारायणगावला चहाला थांबलो. तमाशाची ही पंढरी द्राक्षांचीही आहे. इथंच 1980च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीनं फसफसणारी वाइन तयार केली, आणि परदेशात ती ‘ओमर खय्याम’ या नावानं विकली गेली. ती कंपनी पुढे बंद पडली. पण नावाची गंमत पाहा. निशापूरचा हा गणिती कवी माधव जूलियनांनी ‘द्राक्षकन्या’ करून मराठीत आणला आणि पुढे नारायणगावच्या बाटलीवर तो समुद्रापार गेला.

नाशिकची वाइन त्यामानानं अलीकडची. राजीव सामंत यांनी 1997 साली गंगापूर धरणाच्या परिसरात वाइनच्या द्राक्षांची लागवड केली आणि 2000 साली ‘सुला’ची पहिली वाइन आली. 2001 साली राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. विंचूरला वाइन पार्क झालं आणि पाहता पाहता जिल्ह्यात वायनऱ्या वाढल्या.

आम्ही धरणाजवळच्या एका वायनरीत गेलो. वेलींवर घड पाहायला मिळतील या आशेनं गेलेल्यांची मे महिन्यात निराशा होते. वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारीअखेर ते मार्चमध्ये उरकते. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. मेमध्ये दिसतात त्या फक्त कोवळ्या हिरव्या फुटी. पण तिथल्या माहितगारानं एक गोष्ट सांगितली. पुढच्या हंगामात वेलीला किती घड लागायचे, हे याच उन्हाळ्यातल्या फुटींच्या डोळ्यांमध्ये ठरतं. डोळ्याला काही दिसत नाही, पण काम चालू असतं.

आत मोठमोठ्या पोलादी टाक्या, बाहेरच्या उन्हातून एकदम गारवा. इथं खरे रंगले ते मास्तर. खाण्याच्या द्राक्षापेक्षा हे द्राक्ष लहान का, साल जाड का, बिया कशाला? पांढऱ्या वाइनसाठी रस आधी गाळून घेतात आणि तांबडीसाठी सालीसकट आंबवतात, रंग सालीतून येतो. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. मास्तरांनी इतके प्रश्न विचारले की माहितगारानं शेवटी विचारलं, ‘‘सर, चव बघणार?’’ मास्तरांनी माळेला हात लावून हात जोडले आणि लगेच पुढचा प्रश्न विचारला, ‘‘उघडी राहिली तर याचाच सिरका होतो ना?’’ होतो. म्हणजे आमच्या डब्यातल्या कांद्याचं आणि त्या टाकीचं नातं निघालं. वाळलं की मनुका, आंबलं की वाइन, आणखी आंबलं की सिरका. द्राक्ष तेच.

चव बँकवाल्यानं घेतली. पेल्यात फिरवायची, हुंगायची, घोट तोंडात घोळवायचा. नको असेल तर थुंकायला भांडं ठेवलेलं असतं. मी पाणी मागितलं आणि म्हटलं, ‘‘मी ड्रायव्हर.’’ अशा सहलीत न पिणारा एक माणूस हवाच, कायद्यानंही आणि जिवासाठीही. त्यानं एक बाटली विकत घेतली. ती उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, असा सल्ला मिळाला, म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून ती बर्फाच्या डब्याशेजारी ठेवली.

मुक्काम एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या पडीक रानात, त्यांना विचारून. सुकलेलं गवत पाहून चुलीचा बेत रद्द केला. उन्हाळ्यात एक ठिणगी अख्खा माळ पेटवते. चारी बाजूंनी गवत साफ करून, दगडांचा आडोसा करून गॅसची छोटी शेगडी लावली, शेजारी पाण्याची बादली. शेगडी तंबूत कधीही पेटवू नये. आगीचा धोका असतोच, बंद जागेतला विषारी वायू तर कळतही नाही. वांगी त्याच शेगडीवर जाळी ठेवून भाजली. माझी मगरिबची नमाज होईपर्यंत पिठलं मास्तरांनी हाटलं. गुठळ्या झाल्या, पण विज्ञानाच्या मास्तरांना सांगणार कोण?

शेवटी खिमा गरम करायला ठेवला आणि त्याच वेळी वावटळ उठली. वळवाचं वारं. धूळ, पाला, ताटं सगळं उडायला लागलं. मी तंबूचा दोर धरायला धावलो. वळून पाहिलं तर खिम्याच्या पातेल्यावर मास्तरांनी झाकण दाबून धरलं होतं. आणि बँकवाल्याची बाटली कलंडत होती, ती पडण्याआधी धरली मी. आयुष्यात पहिल्यांदा. दोन मिनिटांनी वारं पडलं. पाऊस आलाच नाही. आम्ही तिघं एकमेकांकडे पाहून हसत सुटलो.

जेवायला एकाच सतरंजीवर बसलो. ठेच्याबरोबर वाइनचा घोट जिभेला झोंबतो, त्यापेक्षा भरताबरोबर बरी लागते, असा शोध बँकवाल्यानं लावला. एक पेला घेऊन त्यानं बाटली बंद केली. सिरक्याचा कांदा तिघांच्याही ताटात होता, तो आधी संपला. जेवण झाल्यावर मास्तर हळूच म्हणाले, ‘‘भंडारदऱ्याला मला बिस्किटं गिळत नव्हती रे.’’ कुणी उत्तर दिलं नाही. उत्तर द्यायला आम्हाला छत्तीस वर्षं लागली होती, आणि ते ताटात वाढून झालं होतं.

उन्हाळ्यात तुम्हीही कुठं जाल. तंबू, शेगडी, बर्फाचा डबा सगळं विकत मिळतं. यादी करताना एवढंच करा, आधी सगळ्यांनी मिळून खायचं ते लिहा, एकेकाचं नंतर. आम्ही फेब्रुवारीत तोडणी पाहायला पुन्हा जाणार आहोत. या वेळी पिठलं मी हाटणार आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)