नीरो बादशहा आणि वाळूचें गलबत



नीरो बादशहाचें नांव निघालें कीं शिकलेले लोक एकच गोष्ट सांगतात: रोम जळत होतें आणि हा सारंगी वाजवीत बसला होता. ही गोष्ट आम्ही बाजूस ठेवतों. तसलें वाद्य त्या काळीं तेथें नव्हतेंच. आग लागली तेव्हां तो अँटियम गांवीं होता. परत येऊन त्यानें बेघरांना आपल्या बागा उघडून दिल्या व धान्याचा भाव उतरविला, असें टॅसिटस लिहितो, आणि टॅसिटस कांहीं त्याचा भाट नव्हे. खोटे आरोप आपणांस कशाला हवेत? खरे आहेत तेच पुष्कळ आहेत.

आई ॲग्रिपिना हिच्या कारस्थानानें दत्तक गेलेलें हें पोर सन 54 त, सोळाव्या वर्षीं, गादीवर बसलें. पुढें 59 त त्यानें आईला मारविलें, 62 त बायकोला. घरच्यांचें असें झालें. रयतेचें काय झालें तें ऐका.

58 त जकातीच्या मक्तेदारांविरुद्ध ओरड झाली. नीरो म्हणाला, जकात साफच बंद करूं. सीनेटचे सरदार घाबरले, राज्याचा खर्च चालायचा कसा म्हणूं लागले. अखेर इतकेंच ठरलें कीं कराचे नियम उघड लावावे, आणि एकदां सोडलेली मागणी वर्षानंतर पुन्हां उकरूं नये. सावकाराची जुनी वही ज्यानें पाहिली आहे त्याला याची किंमत कळेल.

पण 61 त शहराचा मुख्य अंमलदार पेडॅनियस सेकंडस याला त्याच्याच एका गुलामानें ठार केलें. जुना कायदा असा, कीं अशा वेळीं त्या छपराखालचे सारे गुलाम मारावे. चारशें जीव! त्यांत बायका, पोरें. रोमची गरीब जनता दगड व मशाली घेऊन आडवी आली. जकात माफ करूं म्हणणाऱ्या त्याच बादशहानें रस्त्याच्या दुतर्फा शिपाई उभे केले, आणि चारशेंही मारले गेले.

64 च्या आगींत चौदा पेठांपैकीं चारच धड राहिल्या. दोष ख्रिस्ती लोकांवर टाकून त्यांचे हाल केले. जळलेल्या जागेवर सोन्याचा महाल उठला, आंत तळें, दारांत बादशहाचा सुमारें 120 फुटी पुतळा. पैसा कोठून? प्रांत पिळले, देवळें लुटलीं, आणि नाणें हलकें केलें. एका रोमन रत्तल चांदींत पूर्वीं 84 दिनार पडत, ते 96 पाडले. वर चांदींत तांबें मिसळलें. मजुराच्या हातीं नाणें तेंच, आंतली चांदी कमी.

68 त गॉल प्रांतांत विंडेक्स उठला, स्पेनांत गाल्बा. रोमांत धान्य महाग. अशांत अलेक्झांड्रियाहून गलबत आलें. त्यांत धान्य नव्हतें; दरबारी पहिलवानांच्या आखाड्यासाठीं वाळू होती.

मग पहारेकरी पांगले, सीनेटनें त्याला राज्याचा शत्रु ठरविलें. शहराबाहेर चार मैलांवर, एका मुक्त गुलामाच्या घरीं, तिसाव्या वर्षीं त्यानें आपल्या गळ्यावर सुरी चालविली. हात धजेना म्हणून कारकुनानें मदत केली. त्याला पुरलें दोन दायांनीं, आणि ॲक्टे नांवाच्या एका मुक्त दासीनें.

पुढें कित्येक वर्षें त्याच्या थडग्यावर वसंतांत व उन्हाळ्यांत कोणी तरी फुलें वाहात असे. हें वाचून आम्हांस प्रथम रागच आला. चारशें गुलामांसाठीं दगड उचलणारे हात, आणि फुलें वाहणारे हात, एकाच वस्तींतले कीं काय?