एका पेनीचा हिशेब : इंग्लंडची काउंटी ग्रंथालये आणि आपण

(ग्रंथालय कार्यकर्त्यांच्या जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



निमंत्रणपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय ‘ग्रंथालये आणि समाजप्रबोधन’ असा छापला आहे. प्रबोधनावर बोलणारे वक्ते आपल्याकडे पुष्कळ आहेत. मी आयुष्यभर सार्वजनिक आयव्ययाचे शास्त्र शिकवले. तेव्हा माझ्याकडून आपण पैशाचीच गोष्ट ऐकावी. खेड्यातल्या माणसाच्या हाती पुस्तक पडते, तेव्हा त्याचे पैसे कोण देतो? इंग्लंडमध्ये ह्या प्रश्नाचा निकाल लागायला सत्तर वर्षे लागली आणि गेल्या पंधरा वर्षांत तो निकाल पुन्हा फिरवण्याचा उद्योग तेथे चालला आहे. ती हकीकत मी सांगणार आहे. काउंटी म्हणजे स्थूलमानाने आपला जिल्हा आणि काउंटी कौन्सिल म्हणजे जिल्हा परिषद, असे धरून चालू.

पुण्याचे नेटिव्ह जनरल लायब्ररी १८४८ साली निघाले. ते वर्गणीवर चालणारे वाचनालय होते. इंग्लंडातही तेव्हा बहुतेक ठिकाणी तीच पद्धत होती. ज्याच्या खिशात वर्गणी, त्याला पुस्तक. पुढे दोनच वर्षांनी, १८५० मध्ये, ब्रिटिश पार्लमेंटने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला आणि तेथून दोन्ही देशांच्या वाटा वेगळ्या झाल्या. राज्यकर्ते एकच होते. त्यांनी येथे रेल्वे आणली, तारखाते आणले, परंतु मायदेशात केलेला हा कायदा मात्र येथे आणला नाही.

हा कायदा विल्यम युअर्ट ह्या सभासदाने मांडला, पण त्यामागची आकडेवारी व चिकाटी एडवर्ड एड्वर्ड्स ह्या माणसाची. एड्वर्ड्स गवंडीकाम शिकलेला, स्वतःच्या वाचनावर वर चढलेला आणि ब्रिटिश म्युझियममध्ये साहाय्यकाच्या जागेवर असलेला होता. चर्चेत कर्नल सिब्थॉर्प नावाच्या सभासदाने सांगितले की, आपल्याला वाचन मुळीच आवडत नाही आणि ऑक्सफर्डला असतानाही ते आवडत नव्हते. हा निदान प्रामाणिक विरोध म्हणायचा. इतरांचा विरोध अधिक हिशेबी होता : करदात्यावर नवा बोजा नको, आणि कामगाराला फुकट वाचायला दिले तर तो भलतेच वाचील. म्हणून कायदा झाला तो हातपाय बांधून. दहा हजारांहून अधिक वस्तीच्या शहरालाच तो लागू. तोही दोन तृतीयांश करदात्यांनी मते दिली तर. आणि स्थावर मिळकतीच्या वार्षिक भाडेमूल्यावर पौंडामागे अर्ध्या पेनीपलीकडे पट्टी बसवायची नाही. त्या पैशातून इमारत बांधता येई, नोकर ठेवता येई, परंतु पुस्तके विकत घेता येत नसत! पुस्तके कोणीतरी दान देईल अशी पार्लमेंटची समजूत होती. १८५५ साली मर्यादा एका पेनीवर गेली आणि पुस्तकखरेदीला परवानगी मिळाली. ती पेनी मग १९१९ पर्यंत जागची हलली नाही.

मँचेस्टरचे ग्रंथालय १८५२ मध्ये कॅम्पफील्ड येथे उघडले. समारंभाला डिकन्स आला होता, थॅकरे आला होता. ती इमारत मुळात रॉबर्ट ओवेनच्या समाजवादी अनुयायांनी ‘हॉल ऑफ सायन्स’ म्हणून बांधलेली होती आणि ती घेण्यासाठी जमवलेल्या निधीत गिरणी कामगारांनी आपल्या तुटपुंज्या मजुरीतून भर घातली होती. एड्वर्ड्स तेथला पहिला ग्रंथपाल झाला. पुढे सहा-सात वर्षांत कमिटीशी बेबनाव होऊन त्याला तेथून जावे लागले. ग्रंथपाल आणि कमिटी ह्यांचा हा संबंध आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचा असेल, असो.

आता खेड्याकडे येऊ. १८९२ च्या कायद्याप्रमाणे ग्रामीण पॅरिशलाही ही पट्टी बसवण्याची मुभा होती. पॅरिश म्हणजे तिथली ग्रामपंचायतीच्या तोडीची व्याप्ती. मुभा मिळाली, पैसा किती मिळाला? थोडे गणित करू. समजा, एका खेड्यातील सर्व घरे व जमिनी ह्यांचे करपात्र मूल्य २,००० पौंड आहे. पौंडामागे एक पेनी म्हणजे २,००० पेन्स. म्हणजे आठ पौंड, सहा शिलिंग आणि आठ पेन्स. ह्यात जागेचे भाडे, दिवाबत्ती, माणसाचा पगार आणि पुस्तके बसवायची! उलट, १० लाख पौंड करपात्र मूल्याच्या शहराला तीच पेनी वर्षाला चार हजारांहून अधिक पौंड देते. कराचा दर दोन्हीकडे एकच, कायदाही एकच. तरीही शहराला ग्रंथालय मिळते आणि खेड्याला रिकामी मुभा मिळते. ‘आम्ही कोणाला अडवले आहे? कोणीही ग्रंथालय काढावे’ असे सरकार म्हणते, तेव्हा हे आठ पौंड आठवावेत. स्वातंत्र्य समान ठेवून साधने विषम ठेवली की काय होते, हे वर्गात समजावून देण्यासाठी मला ह्याहून चांगले उदाहरण सापडले नाही.

काउंटी कौन्सिले १८८९ पासून अस्तित्वात होती. सगळ्या खेड्यांच्या पेन्या एकत्र करून साऱ्या काउंटीसाठी एक ग्रंथसंग्रह उभारणे हा सरळ उपाय होता. पण कौन्सिलांना तसा अधिकारच नव्हता. ह्या कोंडीत एक नवा पाहुणा आला, तो म्हणजे अँड्र्यू कार्नेगीचा पैसा.

कार्नेगीविषयी समाजवाद्यांनी सावधपणे बोलले पाहिजे. १८९२ साली होमस्टेड येथील त्याच्या पोलाद कारखान्यात संप मोडण्यासाठी खाजगी सशस्त्र रखवालदार आणले गेले, माणसे मेली, संघटना चिरडली गेली. त्याच कारखान्यांच्या नफ्यातून पुढे जगभर अडीच हजारांच्या आसपास ग्रंथालयांच्या इमारती उभ्या राहिल्या. मजुरांना त्यांचा वाटा मजुरीतच दिला असता तर काय झाले असते, हा प्रश्न त्याच्या हयातीतही विचारला गेला. मात्र त्याच्या दानात एक शहाणपण होते. इमारत मी देतो, पण ती चालवण्यासाठी गावाने दरसाल कर बसवण्याचे कबूल केले पाहिजे, अशी त्याची अट असे. दानाने आरंभ होतो, चालू खर्च भागत नाही, हे त्या भांडवलदाराला कळत होते.

१९१३ साली स्थापन झालेल्या कार्नेगी युनायटेड किंगडम ट्रस्टने ऑक्सफर्डचे प्राध्यापक अॅडम्स ह्यांच्याकडून देशातील ग्रंथालयांची पाहणी करवली. १९१५ च्या त्यांच्या अहवालातून निघाले ते असे : कायदा होऊन पासष्ट वर्षे झाली, शहरांतील बहुसंख्य लोकांना ग्रंथालय मिळाले, ग्रामीण लोकांत मात्र शंभरातल्या जेमतेम दोन-तीन माणसांपर्यंत ते पोहोचले होते. अॅडम्सांचा निष्कर्ष असा की, खेड्याचे ग्रंथालय खेड्याने एकट्याने चालवायचे नाही, ते काउंटीने चालवायचे. ट्रस्टने पैसा दिला आणि १९१६ मध्ये स्टॅफर्डशरमध्ये पहिली काउंटी योजना सुरू झाली. डिसेंबर १९१९ च्या कायद्याने दोन गाठी सोडवल्या : काउंटी कौन्सिलला ग्रंथालय चालवण्याचा व त्यासाठी कर घेण्याचा अधिकार मिळाला आणि पेनीची मर्यादा रद्द झाली. पुढच्या आठच वर्षांत, १९२७ च्या केन्यन समितीच्या अहवालाप्रमाणे, इंग्लंड व वेल्समधील शेकडा ९६ लोक कोणत्या ना कोणत्या ग्रंथालय प्राधिकरणाच्या क्षेत्रात आले होते. पासष्ट वर्षांत जे झाले नाही ते आठ वर्षांत झाले. इंग्रज शेतमजुराला अकस्मात वाचनाची गोडी लागली असे कोणी म्हणणार नाही. बदलले होते ते कर घेणारे क्षेत्र.

ही ग्रंथालये दिसायला मात्र अगदी गरीब होती. काउंटीच्या मुख्य गावी एखाद्या कचेरीच्या मागच्या खोलीत ग्रंथसंग्रह. तेथून लाकडी पेट्यांत पुस्तके भरून खेड्यातल्या शाळेत पाठवायची. शाळामास्तरांनी आठवड्यातून एकदोनदा संध्याकाळी पेटी उघडून बिनपगारी ती वाटायची. काही महिन्यांनी पेटी बदलायची. पेटीत बहुतेक कादंबऱ्या असत. ज्याला शेतीरसायन किंवा अर्थशास्त्र वाचायचे त्याचे काय? त्यासाठी १९१६ साली लंडनमध्ये विद्यार्थ्यांसाठीचे मध्यवर्ती ग्रंथालय निघाले. ते काढण्यात पुढाकार होता तो कामगार शिक्षण संघाचे संस्थापक अल्बर्ट मॅन्सब्रिज ह्यांचा. हेच पुढे नॅशनल सेंट्रल लायब्ररी झाले. खेड्यातल्या वाचकाने पुस्तक मागावे, ते पेटीत नसेल तर काउंटीने शोधावे, काउंटीत नसेल तर लंडनहून यावे, अशी साखळी हळूहळू तयार झाली. शाखा आल्या, फिरत्या गाड्या आल्या. १९६४ च्या कायद्याने शेवटची पायरी ओलांडली : ‘ग्रंथालय काढता येईल’ हे जाऊन व्यापक व कार्यक्षम ग्रंथालयसेवा देणे हे स्थानिक संस्थांचे कायदेशीर कर्तव्य ठरले, आणि पुस्तक घरी नेण्यास मोबदला घेण्याची मनाई झाली.

हे कर्तव्य आजही कायद्यात आहे. मात्र २०१० नंतर मध्यवर्ती सरकारने स्थानिक संस्थांची अनुदाने छाटली, तेव्हा कर्तव्याखालची जमीनच सरकली. २०१६ साली बीबीसीने माहिती मागवून प्रसिद्ध केले की, सहा वर्षांत ब्रिटनमधील ३४३ ग्रंथालये बंद झाली आणि सुमारे ८,००० नोकऱ्या गेल्या. नॉर्दॅम्प्टनशर काउंटीने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवा खर्च थांबवण्याची जाहीर नोटीस काढली, ती जवळजवळ दिवाळखोरीची कबुलीच होती. ३६ पैकी २१ ग्रंथालये सोडून देण्याचा तिचा निर्णय ऑगस्टमध्ये हायकोर्टाने बेकायदा ठरवला. नागरिक कोर्टात जिंकले ते कर्तव्याच्या कलमावर बोट ठेवता आले म्हणून. पुढे २०२१ साली ती काउंटी कौन्सिलच विसर्जित झाली. अनेक शाखा आता स्वयंसेवकांच्या हवाली झाल्या आहेत. म्हणजे शाळामास्तरांची पेटी परत आली, फक्त तिला ‘लोकसहभाग’ असे नाव मिळाले.

ह्या इतिहासाचा आपल्याशी संबंध रंगनाथनांच्या मार्फत येतो. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल म्हणून ते १९२४ मध्ये लंडनला शिकायला गेले आणि तेथली सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी हिंडून पाहिली. परत आल्यावर १९३० पासून ते ग्रंथालय कायद्याचे मसुदे मांडत राहिले. १९४८ चा मद्रासचा कायदा हे त्याचे फळ. त्यात मिळकतीवरील करासोबत रुपयामागे अर्धा आणा ग्रंथालय उपकर बसवण्याची तरतूद होती. महाराष्ट्राचा कायदा झाला १९६७ साली. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्येच कायदा केला होता, तेव्हा ह्या भूमीला ही कल्पना नवी नव्हती. तरीही आपल्या कायद्यात उपकर नाही. सरकारने दरसाल निदान २५ लाख रुपये ग्रंथालय निधीत घालावेत असे त्यात लिहिले आहे; बाकी सारे अनुदानावर, म्हणजे अर्थखात्याच्या मर्जीवर. लोकांच्या संस्थांनी ग्रंथालये चालवावीत, सरकारने त्यांना अ, ब, क, ड असे वर्ग देऊन अनुदान द्यावे, आणि राहिलेले वर्गणी व अनामत ह्यांतून भरावे, ही आपली रीत. १८४८ ची वर्गणी अशा प्रकारे अजून जिवंत आहे. लहानपणी आमच्या तालुक्याच्या वाचनालयात अनामत रक्कम भरता न आल्याने बाहेरच्या बाकावर बसून वर्तमानपत्र वाचून जाणारी मुले होती. आपल्या गावीही असतील.

उपकराला दोन आक्षेप घेतले जातात. एक असा की, कर आला की सरकार आले, आणि कार्यकर्त्यांनी जिवापाड सांभाळलेली ग्रंथालये कचेऱ्या होतील. हा आक्षेप मी हलका मानत नाही. परंतु केरळकडे पाहावे. तेथे १९८९ च्या कायद्याने इमारत करावर पाच टक्के उपकर आहे, आणि ग्रंथालये मात्र लोकांच्या संस्थांचीच आहेत. तालुका, जिल्हा व राज्य पातळीवर निवडून आलेली ग्रंथालय परिषद कारभार पाहते. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. कर्नाटक व तमिळनाडूतील मोठ्या महापालिकांनी ग्रंथालयाच्या नावाने उपकर वसूल केला आणि ग्रंथालय प्राधिकरणाला तो वर्षानुवर्षे पोहोचवलाच नाही, अशा तक्रारी वारंवार पुढे आल्या आहेत. नुसता कर बसवून भागत नाही.

आजच्या मेळाव्यापुढे जो ठराव आहे त्यात अनुदान वाढवावे आणि कर्मचाऱ्यांना वेतनश्रेणी द्यावी, अशा मागण्या आहेत. दोन्हींना माझा पाठिंबा आहे. मात्र मसुद्यात आणखी तीन वाक्ये घालावीत, अशी माझी सूचना आहे : घरपट्टीवर ग्रंथालय उपकर असावा आणि तो गावागावाने वेगळा न ठेवता जिल्ह्याच्या एका निधीत जमा व्हावा, ती रक्कम ठरावीक मुदतीत वर्ग न करणाऱ्या संस्थेच्या शासकीय अनुदानातून ती परस्पर कापून घ्यावी, आणि उपकर सुरू होईल त्या दिवसापासून अनामत व वर्गणी बंद व्हावी. दर किती असावा, ह्याचा हिशेब मी आपल्या जिल्ह्यापुरता मांडून आणला आहे. त्याच्या प्रती मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत. दुपारच्या चर्चेपूर्वी त्या पाहून घ्याव्यात, आकडे चुकले असतील तर तेथेच सांगावे.