आधी उतरवा, मग रंगवा



घराला रंग द्यायचा झाला म्हणजे आपण आधी तसबिरी उतरवतो, खिळे उपटतो, पोपडे खरवडतो. मोटारीच्या वेळी मात्र दारावरच्या पट्ट्या, दिव्यांच्या चौकटी, नावाची अक्षरे तशीच ठेवून भोवती चिकटपट्टी लावली, की झाले असे पुष्कळांना वाटते. श्रम वाचतात खरे. पण पुढे काय होते?

पट्टीमागे धूळ साठते, पावसाचे पाणी मुरते आणि पत्र्याला गंज धरतो तो नेमका तिथेच. वरून रंग मारल्याने तो झाकला जातो, जात नाही. शिवाय पत्रा आणि पट्टी यांवर रंगाचा थर सलग बसतो. गाडी हादरली की तो सांध्यावर तडकतो, तडीतून पाणी शिरते आणि पोपडा सुटतो. कोकणच्या पावसात नि खाऱ्या हवेत तर हे लवकरच. रंगाचा सारा खर्च वाया!

मग उतरवायचे कसे? गाडी धुऊन कोरडी करा. दिव्यांना हात लावण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार सोडवा. फोनवर प्रत्येक भागाचे छायाचित्र घ्या. स्क्रू निरनिराळ्या पाकिटांत घालून वर नाव लिहा. गंजलेल्या स्क्रूवर तेल सोडून रात्रभर थांबा. बळजोरी केलीत तर त्याचा माथा झिजतो. प्लास्टिकच्या क्लिपा थंडीत ठिसूळ असतात, म्हणून गाडी थोडी उन्हात तापू द्या. पेचकसाऐवजी लाकडी पाचर घ्या, खाली फडके धरा. चिकटवलेल्या अक्षरांना गरम पाण्याची ऊब द्या आणि मागून मासेमारीचा नायलॉन दोरा करवतीसारखा ओढा. राहिलेला गोंद, तेल, मेण रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या द्रावणाने पुसा, आणि तेही घासण्याआधी. नाहीतर नव्या रंगात बारीक खळगे पडतात.

आता लपलेला गंज दिसेल. तो स्वच्छ धातू लागेपर्यंत घासा. क्लिपांच्या भोकांच्या कडा विसरू नका. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून पॉलिश पेपर ओला ठेवा, नाकातोंडाला मास्क लावा, मुलांना दूर ठेवा. मग पत्रा लगेच पुरता कोरडा करून अस्तराचा हात द्या.

एक अपवाद बरं का! १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना येणाऱ्या उच्च सुरक्षा नंबरपट्टीची कुलपे एकदाच बसतात. ती तोडू नका, झाकून घ्या. आणि गाडीचा रंगच बदलणार असाल, तर आरटीओकडे नोंद करून घ्या.

शिक्षक मित्रांनो, वर्गात तीन बाटल्यांत तीन खिळे ठेवा: एक कोरड्या बंद बाटलीत, एक उकळून निववलेल्या पाण्यात वर तेलाचा थर देऊन, एक साध्या पाण्यात. आठवड्याने पाहा, गंज चढेल तो तिसऱ्यावर. गंजाला हवा आणि पाणी दोन्ही लागतात, आणि पट्टीमागे त्याला दोन्ही मिळतात. हे ज्या मुलाला पटले, ते घरी जाऊन वडिलांना नक्की सांगेल.

रंग पुरता कडक झाला, की नव्या क्लिपा घालून पट्ट्या परत बसवा.