मुलांची ‘उन्हाळी’

वैशाखांत मालवणच्या किनाऱ्यावर लहान मूल लघवी करतांना रडूं लागलें, कीं ‘उन्हाळी लागली’ असें म्हणून घरांतील वडील माणसें त्यास शहाळें किंवा धण्याचें पाणी पाजतात. पाणी पाजणें चांगलेंच. परंतु अंगांत तापहि असेल, तर केवळ उन्हास दोष देऊन चालत नाहीं. एशेरिख यानें १८८५ सालीं वर्णिलेला आंतड्यांतील जंतुच बहुधा मूत्रमार्गांत शिरलेला असतो.

तान्हें मूल दुखणें सांगूं शकत नाहीं. सर्दी-खोकल्यावांचून ताप येतो, तें दूध ओकतें, किरकिरतें, एवढेंच दिसतें. अशा वेळीं शक्य तों औषधापूर्वींच मूत्र तपासावें. औषधाचा एक डोस आधीं गेला तरी जंतूंचा माग लागेनासा होतो. नमुना अंग धुऊन, मधल्या धारेचा, निर्जंतुक बाटलींत घ्यावा. चिकटविलेल्या पिशवींतील नमुन्यांत कातडीवरचे जंतू मिसळून फसगत होते. प्रयोगशाळा दूर असेल तर बाटली बर्फांत ठेवून न्यावी. बांगड्यांस जेथें बर्फ मिळतो, तेथें तिला कां मिळूं नये?

जंतूंची वाढ कळण्यास एक-दोन दिवस लागतात. तोंवर डॉक्टर अंदाजानें औषध देतात. तीन महिन्यांखालील अर्भकास मात्र रुग्णालयांतच न्यावें लागतें. मोठ्या मुलास ताप असल्यास औषध बहुधा ७ ते १० दिवस चालतें. ताप दोन दिवसांत उतरतो, आणि अर्धी बाटली फडताळांत राहते! उपचारास उशीर झाला, किंवा दुखणें वारंवार उलटलें, तर मूत्रपिंडावर कायमचा व्रण राहूं शकतो.

मलावरोध हें एक कारण, दुसरें शाळेंतलें. शौचकूप घाण म्हणून कित्येक मुली सकाळपासून संध्याकाळपर्यंत लघवी तुंबवून ठेवतात, आणि ती लागूं नये म्हणून पाणीहि पीत नाहींत.